लहान विमानाच्या इंजिनावरची वायरिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथे लहान विमान म्हणजे सेस्ना १५२, १७२ सारखी लायकमिंग इंजिनाची विमानं आणि रोटॅक्स ९१२ वर उडणारी हलकी विमानं. २०१५ आणि २०१९ साली कृत्रिम पावसासाठी चिकलठाण्याहून जी विमानं उडाली ती टर्बोप्रॉप (टर्बाइनवर प्रोपेलर फिरवणारी) होती. त्यांची गोष्ट वेगळी, ती इथे नाही. प्रश्न विचारणारे बहुतेक जण एएमईचा (विमान दुरुस्ती अभियंत्याचा) अभ्यास करणारी मराठवाड्यातली मुलंमुली आहेत, काही नवे पायलट आहेत आणि स्वतःचं हलकं विमान बाळगणारे मोजके हौशी आहेत. काही प्रश्न त्यांच्याच बोलीत ठेवले आहेत.

इंजिनावरची वायर मुळात खराब का होते?

बहुतेकांच्या डोळ्यांसमोर जळालेली वायर येते. लोड वाढला, वायर तापली, धूर निघाला. इंजिनाच्या बाजूला असं क्वचित घडतं. तिथे वायर जाते ती हलून, घासून, भाजून आणि तेलात भिजून. हिशोब करून बघा. चार सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन २४०० आरपीएमवर फिरतं तेव्हा सेकंदाला ८० वेळा पेट घेतं, तासाला २ लाख ८८ हजार वेळा. यातला प्रत्येक ठोका इंजिनावरच्या प्रत्येक वायरीला आणि प्रत्येक थिंबलला (वायरीच्या टोकाच्या धातूच्या जोडणीला) बसतो.

शिवाय इंजिन रबरी माउंटवर बसलेलं असतं आणि फायरवॉल (इंजिन आणि केबिन यांच्यामधली भिंत) जागची हलत नाही. सुरू होताना आणि बंद होताना इंजिन सगळ्यात जास्त हिसके देतं. म्हणजे इंजिनाकडून फायरवॉलकडे येणाऱ्या वायरीचं एक टोक सतत हलतं आणि दुसरं स्थिर राहतं. तिथे झोल ठेवला नसेल तर वायर ताणली जाते, आणि झोल जास्त झाला तर ती कशाला तरी जाऊन घासते. म्हणून हे काम विजेचं कमी आणि बांधणीचं जास्त आहे. वायर कुठे धरली आहे, कुठे मोकळी आहे आणि कशाला टेकली आहे हे बघायची सवय लागली, की बरेचसे बिघाड जमिनीवरच सापडतात.

काउलिंग (इंजिनावरचं झाकण) उघडल्यावर आधी कुठे बघू?

आधी काहीही पुसू नका. वायर किंवा क्लॅम्प जिथे ॲल्युमिनियमवर घासतो तिथे काळपट-करडी पूड साचते, तेलाचा ओघळ कुठून निघाला तेही दिसतं. काउलिंग उघडल्या उघडल्या कापड मारलं की हा सगळा पुरावा जातो. टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन एकदा नुसतं बघा, फोटो काढा, मग साफसफाई.

त्यानंतर अल्टरनेटरच्या मागे हात घाला. तिथलं जाड आउटपुट वायरीचं थिंबल ही माझ्या मते या इंजिनावरची सगळ्यात फसवी जागा. थिंबल नटाखाली घट्ट असतं, वरचा स्लीव्ह स्वच्छ असतो, पण क्रिंप (थिंबल वायरीवर दाबून बसवलेला भाग) जिथे संपतं त्या रेषेवर आतल्या तारा एकेक करून तुटत आलेल्या असतात. वरून काही कळत नाही. थिंबलपासून दोन-तीन बोटं अंतरावर वायर धरून हलकेच वाकवा. धडधाकट वायर गोल कमान घेऊन वाकते. आतून तुटलेली असेल तर क्रिंपच्या कडेशी एकदम कोन करून मोडते, आणि बोटांना बारीक कुरकुर जाणवते. अशी वायर काढून टाका. तिच्यावर टेप मारून पुढच्या तपासणीची वाट बघू नका. नवीन थिंबल लावलं तरी वायरीला जवळच क्लॅम्पचा आधार आहे का ते बघा. आधार नसेल तर नवंही त्याच रेषेवर तुटेल.

मग क्लॅम्प. क्लॅम्पच्या आतलं रबर उष्णतेने कडक होऊन तडकतं, आणि पत्र्याची कडा वायरीवर बसते. वायर धरायला लावलेली वस्तूच वायर कापायला लागते. क्लॅम्पमध्ये वायर पुढे-मागे सरकत असेल तर क्लॅम्पचा साइज चुकलेला आहे.

अंतरं किती ठेवायची? काही ठरलेलं आहे का?

तुमच्या विमानाचं मेंटेनन्स मॅन्युअल सांगतं ते पहिलं. त्यात नसेल तिथे अमेरिकेच्या विमान नियामक संस्थेचं, म्हणजे एफएएचं, एसी ४३.१३-१बी हे मार्गदर्शक पुस्तक जगभर वापरलं जातं. ते १९९८ चं आहे आणि त्याचं अकरावं प्रकरण पूर्ण वायरिंगवर आहे. त्यातले रोज लागणारे आकडे असे: दोन क्लॅम्पमधलं अंतर २४ इंचांपेक्षा जास्त नको, मधली वायर हाताने साधं दाबल्यावर अर्ध्या इंचापेक्षा जास्त हलू नये, कंट्रोल केबलपासून ३ इंच लांब, पेट्रोलच्या किंवा तेलाच्या पाइपपासून ६ इंच. लहान काउलिंगमध्ये ६ इंच मिळत नाहीत हे खरं आहे. तिथे वायर घट्ट क्लॅम्प करून जवळ आणता येते, पण अर्ध्या इंचाच्या आत कधीच नाही. आणि वायर कायम पाइपच्या वरून न्यायची. खालून नेली आणि पाइप गळायला लागला, तर थेंब सरळ वायरीवर.

कनेक्टरच्या आधी वायरीला थोडा खाली झोल द्यायचा, म्हणजे पाणी कनेक्टरमध्ये न जाता झोलाच्या तळाशी गोळा होऊन गळून पडतं. आपल्याकडे पावसाचे महिने थोडे म्हणून हा झोल कोणी मनावर घेत नाही. पण इंजिन धुतानाचं पाणी बारा महिने असतं.

सर, चावी ऑफ होती तरी पंखा (प्रोपेलर) हाताने फिरवताना इंजिनाने झटका दिला. असं कसं व्हायलंय?

हा प्रश्न ज्याने विचारला त्याचे दोन्ही हात शाबूत आहेत, हे नशीब. उत्तर सविस्तर देतो, कारण या पानावरचं हे सगळ्यात महत्त्वाचं उत्तर आहे.

विमानाच्या पिस्टन इंजिनावर दोन मॅग्नेटो असतात. ते स्वतःची वीज स्वतः तयार करतात. बॅटरी काढून टाकली तरी इंजिन चालू राहतं, आणि तसंच व्हायला हवं. मग ते बंद कसं करायचं? प्रत्येक मॅग्नेटोपासून इग्निशन स्विचपर्यंत एक वायर येते, तिला पी-लीड म्हणतात. चावी ऑफवर नेली की स्विच ही वायर ग्राउंडला जोडतो आणि मॅग्नेटोचा स्पार्क मरतो. जुन्या स्कूटरचं बटण असंच काम करायचं. म्हणजे कारमध्ये ऑफ करताना सर्किट तुटतं, आणि इथे ऑफ करताना सर्किट जोडलं जातं.

आता ही पी-लीड मध्येच तुटली, मॅग्नेटोवरचा तिचा नट ढिला झाला किंवा स्विचच्या आतला संपर्क खराब झाला, तर चावी ऑफ असली तरी तो मॅग्नेटो जिवंतच राहतो. त्यात बहुतेक इंजिनांवर निदान एका मॅग्नेटोला इम्पल्स कपलिंग असतं. पंखा हाताने फिरवताना जो टक् आवाज येतो तो त्याचाच. हातानेसुद्धा चांगला स्पार्क मिळावा म्हणूनच ते बसवलेलं आहे. सिलिंडरमध्ये थोडं मिश्रण उरलेलं असलं की काम झालं.

उलट बाजूचा बिघाडही याच वायरीत होतो. पी-लीडचं शील्ड (वरचं जाळीचं आवरण) आणि आतली वायर घासून एकमेकांना टेकली की तो मॅग्नेटो कायम ग्राउंड होतो, मेल्यासारखा. दुसऱ्या मॅग्नेटोवर इंजिन चालतं, थोडा जोर कमी होतो, आणि तुम्ही एका मॅग्नेटोवर उडत असता.

रोज करायची तपासणी सोपी आहे. इंजिन बंद करायच्या आधी आयडलवर असताना चावी क्षणभर ऑफवर नेऊन लगेच परत बोथवर (दोन्ही मॅग्नेटो चालू) आणा. इंजिनाचा आवाज क्षणभर पडला पाहिजे. नाही पडला तर एक किंवा दोन्ही मॅग्नेटो ग्राउंड होत नाहीत. मिक्श्चरचा (पेट्रोल तोडणारा) दांडा ओढून इंजिन बंद करा, पंख्याजवळ कोणालाही जाऊ देऊ नका, कॉकपिटवर चिठ्ठी लावा आणि एएमईला बोलवा. आयडलवरच करायचं, जास्त आरपीएमवर नाही. तिथे केलं तर न जळलेलं मिश्रण एक्झॉस्टमध्ये फुटतं आणि मफलर फाटतो. रोटॅक्स ९१२ ला मॅग्नेटो नाही, इलेक्ट्रॉनिक इग्निशन आहे, पण तिथेही बंद करण्याची रीत ग्राउंड करण्याचीच. त्यामुळे ऑफचा अर्थ तोच आणि धोकाही तोच.

चावी ऑफ असो, खिशात असो, पंखा कायम जिवंत धरूनच हात लावायचा.

मॅग चेकला आरपीएम अजिबात पडला नाही. म्हणजे इग्निशन एकदम फर्स्ट क्लास ना?

नाही, संशय घ्यायची वेळ. मॅग चेक म्हणजे एकेका मॅग्नेटोवर इंजिन चालवून बघणं. सेस्ना १५२ ला १७०० आरपीएमवर एका मॅग्नेटोवर गेलं की १२५ पर्यंतचा ड्रॉप आणि दोघांत ५० पर्यंतचा फरक चालतो. एका मॅग्नेटोवर प्रत्येक सिलिंडरमध्ये एकच प्लग पेटतो, त्यामुळे थोडं तरी पडायलाच हवं. शून्य ड्रॉप म्हणजे दुसरा मॅग्नेटो बंदच झालेला नाही, आणि त्याचं पहिलं कारण वर सांगितलेली पी-लीड. दुसरी शक्यता टायमिंगची आहे, तीही तपासून घ्या.

रात्री पाऊस झाला की सकाळी इंजिन मिस मारायलंय, दुपारी बरोबर चालतं.

ओलावा इग्निशन हार्नेसमध्ये गेलेला आहे. मॅग्नेटोपासून प्लगपर्यंत जाणाऱ्या वायरींमध्ये हजारो व्होल्ट असतात. प्लगच्या वरच्या टोकाला सिरॅमिकची नळी असते. तिच्यावर ओल, तेलकट बोटांचे ठसे किंवा आपल्या काळ्या मातीची बारीक धूळ असली की स्पार्क प्लगच्या टोकाशी न पडता आतल्या आतच भिंतीवरून ग्राउंडला पळतो. एकदा असा रस्ता पडला की तिथे काजळीची रेघ उमटते, आणि पुढच्या वेळी स्पार्क त्याच रेघेवरून जातो. ती रेघ पुसून जात नाही.

प्लग बसवताना हार्नेसची टोकं आणि प्लगची आतली बाजू कोऱ्या, कोरड्या कापडाने पुसायची. नट पिळताना आतली वायर सोबत फिरू द्यायची नाही. आपल्याकडे या बिघाडाचा हंगाम जून. एप्रिल-मेमध्ये धूळ साचते आणि पहिल्या पावसाने ती भिजते. म्हणून हार्नेस पावसाळ्यानंतर नाही, आधी तपासा.

वाळूजला दुचाकी-रिक्षाचे हार्नेस बनतात, चांगली वायर मिळते. तीच लावली तर?

त्या वायरीत वाईट काही नाही, ती तिच्या कामाला उत्तम आहे. पण तिच्यावरचं आवरण बहुतेक वेळा पीव्हीसीचं असतं. ते साधारण १०५ अंशांपर्यंत टिकतं, आणि पेटलं तर दाट विषारी धूर देतं. दुचाकीवर माणूस उघड्यावर बसलेला असतो, विमानात बंद केबिनमध्ये. लहान विमानांत आज सर्रास वापरली जाणारी वायर टेफझेल आवरणाची असते, २२७५९/१६ या नंबराची. तिची तांब्याची तार कथिल चढवलेली असते आणि ती १५० अंशांपर्यंत चालते. आवरण पातळ पण चिवट असतं. २० गेजच्या एका वायरीत बारीक १९ तारा असतात, म्हणून ती कंपनात टिकते. घरच्या एकतारी वायरीचं तर नावच काढू नका.

आपल्या दुकानांत वायर चौरस मिलिमीटरवर मिळते, विमानात गेजवर. २० गेज म्हणजे जेमतेम अर्धा चौरस मिलिमीटर, १८ गेज म्हणजे ०.८ च्या आसपास. नुसती जाडी जुळली म्हणून वायर जुळत नाही. आणि प्रमाणित विमानावर वायरीसोबत तिचा कागदही लागतो, सीए फॉर्म १ किंवा परदेशी मालाला तिकडचं तसंच रिलीज सर्टिफिकेट. बाजारातल्या वायरीला तो नसतो. इथेच विषय संपतो.

सोल्डर पक्का की क्रिंप?

इंजिनाच्या बाजूला क्रिंप. सोल्डर तारांमध्ये शोषला जाऊन वर चढतो आणि तेवढा भाग कडक काडी होतो. ही काडी जिथे संपते आणि मऊ तार सुरू होते, बरोबर तिथे कंपनाने वायर तुटते. टीव्ही दुरुस्त करणाऱ्यांना हे पटत नाही, कारण टीव्ही हलत नाही.

पण क्रिंप म्हणजे पकडीने दाबलेलं थिंबल नव्हे. रॅचेटचं क्रिंपिंग टूल घ्या, जे पूर्ण दाब बसल्याशिवाय उघडतच नाही. आवरण चाकूने किंवा दातांनी सोलायचं नाही, स्ट्रिपरनेच. १९ मधल्या दोन-तीन तारांवर चाकूचा चरा पडला की त्या पुढे त्याच जागी तुटतात. क्रिंप झाल्यावर हाताने चांगलं ओढून बघा. निघायचं असेल तर टेबलावर निघू दे.

मधेच जोड द्यायची वेळ आली तर दोन कनेक्टरांमधल्या एका वायरीत एकच जोड, आणि तोही टोकापासून १२ इंचांच्या आत नको. जुडग्यातल्या अनेक वायरींना जोड असतील तर ते पुढे-मागे ठेवा. एकाच जागी आले तर जुडगा तिथे फुगतो आणि घासायला लागतो.

केबल टायने बांधलं तर काय बिघडतं?

केबिनच्या आत फारसं नाही. इंजिनाच्या बाजूला बरंच काही. नायलॉन उष्णतेने ठिसूळ होऊन तुटतो, आणि तुटला की अख्खा जुडगा एक्झॉस्टवर लोंबतो. कापलेल्या टोकाची धार शेजारच्या वायरीला आणि तपासणाऱ्याच्या मनगटाला लागते.

यापेक्षा वाईट गोष्ट माउंटच्या पाइपांवर घडते. इंजिन ज्या पोलादी नळ्यांवर टांगलेलं असतं त्यांना सरळ टाय बांधला, की टाय आणि नळी यांच्यामध्ये धूळ जाते. टाय कंपनाने किंचित फिरत राहतो आणि ती धूळ आधी रंग, मग नळी खात जाते. टाय कापून काढल्यावर नळीभोवती चकचकीत खाच दिसते. मऊ नायलॉन पोलाद कापतो यावर पोरांचा विश्वास बसत नाही. कापते ती धूळ, आणि धुळीची आपल्याकडे कमी नाही. तिथे रबर लावलेला क्लॅम्पच हवा, तोही फिरणार नाही इतका घट्ट. क्लॅम्पला जागा नसेल तर मेणाचं लेसिंग टेप वापरा. गाठ शिकायला एक दुपार पुरते.

बॅटरी नवी आहे, तरी स्टार्टर कण्हत फिरतो. आणि थ्रॉटल जड लागतो. दोन वेगळे बिघाड का?

बहुधा एकच. आणि विचारणाऱ्याने दोन्ही गोष्टी एका वाक्यात सांगितल्या हे फार बरं झालं.

रबरी माउंटमुळे इंजिन विजेच्या दृष्टीने बाकीच्या विमानापासून तुटलेलं असतं. म्हणून इंजिनापासून फायरवॉलला किंवा माउंटला तांब्याची विणलेली जाड पट्टी जोडलेली असते, ग्राउंड स्ट्रॅप. स्टार्टर शंभराहून जास्त अँपिअर ओढतो आणि हा सगळा करंट त्या पट्टीतून परत यायला हवा. पट्टी तुटली, तिच्या थिंबलखाली गंज चढला किंवा कोणी रंगावरच नट आवळला, तर करंट दुसरी वाट शोधतो. ती वाट म्हणजे थ्रॉटल, मिक्श्चर आणि कार्ब हीटच्या (कार्ब्युरेटरला गरम हवा देणाऱ्या) केबली. त्या धातूच्या असतात आणि इंजिनापासून थेट पॅनेलपर्यंत जातात. एवढ्या करंटने केबल आतून तापते, आतलं अस्तर वितळतं आणि तार आवरणाला चिकटते. आधी जड लागते, मग अडकते. बिघाड विजेचा, आणि अडकतो थ्रॉटल.

तपासायचं असं. मिक्श्चर बंद, मॅग्नेटो ऑफ, पंख्यासमोर कोणी नाही याची खात्री. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक काडी इंजिनाच्या उघड्या धातूला आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला लावा, आणि सोबत्याला क्षणभर स्टार्टर मारायला सांगा. १२ व्होल्टच्या विमानात आकडा एका व्होल्टाकडे सरकत असेल तर ग्राउंडची वाट खराब आहे. नुसतं ओहम मोजून हे सापडत नाही. बाँडिंगची (धातूचे भाग विजेने जोडण्याची) मर्यादा ०.००३ ओहम असते, आणि साधा मल्टिमीटर इतकं बारीक वाचत नाही. करंट वाहत असतानाच दोष उघडा पडतो.

पट्टी बसवताना थिंबलखालचा रंग खरवडून धातू उघडा करा, आणि जोड आवळून झाल्यावर कडेने गंजरोधक लावा. आधी लावलं तर तेच मध्ये अडतं. केबल एकदा अशी तापली असेल तर तेल घालून मोकळी करू नका, बदला.

मे महिन्यात वेगळं काही करायचं का?

परभणी-नांदेडला पारा ४३-४४ च्या घरात असतो आणि ती सावलीतली मोजणी असते. काउलिंगच्या आत सगळ्यात जास्त तापतं ते उडताना नाही, उतरून इंजिन बंद केल्यावर. वारा थांबतो, पण सिलिंडर आणि एक्झॉस्ट तापलेलेच असतात. म्हणून उतरल्यावर तेलाचं झाकण बघण्याचं दार उघडं ठेवा, गरम हवा वर निघून जाते. विमान पुन्हा सोडण्याआधी ते बंद केल्याची खात्री करा.

काळी इन्सुलेशन टेप या उन्हात चिकट काढते, सुटते आणि धूळ धरते. खालचं नुकसान झाकते ते वेगळंच. इंजिनाच्या बाजूला कुठेही टेप दिसली की काढून खाली काय आहे ते बघा. बाजारातल्या ज्या सिलिकॉनला लावताना व्हिनेगरचा वास येतो ते वायरीच्या जोडावर लावू नका. त्यातल्या आम्लाने तांबं हिरवं पडतं.

रोटॅक्सवाल्यांनी रेग्युलेटरकडे लक्ष द्या. जनरेटरकडून येणाऱ्या दोन पिवळ्या वायरींच्या कनेक्टरवर तपकिरी डाग किंवा वितळलेलं प्लॅस्टिक दिसलं, तर पिन ढिली होऊन तापते आहे. रेग्युलेटर फायरवॉलच्या पुढच्या बाजूला, एक्झॉस्टजवळ बसवलेला असेल तर त्याला गार हवेची नळी द्या किंवा त्याची जागा बदला.

उंदरांचं काय करावं?

विमान महिनोन्महिने उभं ठेवू नका, हे पहिलं. आजूबाजूच्या शेतातलं पीक निघालं की उंदीर आडोसा शोधतात, आणि इंजिनावरचे बॅफल (हवा वळवणारे पत्रे) म्हणजे त्यांना आयतं घर. हँगरमध्ये डबा खाऊ नये, पोती ठेवू नयेत. काउलिंगच्या तोंडाला बोळे लावा, त्यांना लाल फीत असू द्या. लेंड्या किंवा गवत दिसलं तर नुसतं घरटं काढून थांबू नका. कुरतडलेली वायर बहुतेक वेळा जुडग्याच्या मागच्या बाजूला असते, आरसा लागतोच. उंदराचं मूत्र ॲल्युमिनियम आणि कनेक्टर दोन्ही खातं, ती जागा धुऊन कोरडी करा. कुंभारीण माशीची मातीची घरं नळ्यांच्या तोंडाशी सापडतात, तीही त्याच वेळी बघून घ्या.

हवेत ब्रेकर उडाला तर परत दाबायचा का?

ब्रेकर उपकरण वाचवायला नसतो, वायर वाचवायला असतो. म्हणूनच त्याचा आकडा वायरीच्या गेजवर ठरतो. २० गेजला साडेसात अँपिअर, १८ ला दहा. तो उडाला म्हणजे कुठली तरी वायर तिच्या ताकदीपलीकडे गेली. जी गोष्ट नसली तरी सुखरूप उतरता येतं, तिचा ब्रेकर हवेत दाबू नये. वारंवार उडतो म्हणून मोठा ब्रेकर बसवणं म्हणजे वायरीलाच फ्यूज करणं.

याची किंमत काय असते ते १० जुलै २००७ ला अमेरिकेत फ्लोरिडातल्या सॅनफोर्डला दिसलं. सेस्ना ३१०आर, दोन इंजिनांचं लहान विमान. आदल्या दिवशीच्या पायलटला हवामान रडार बंद पडल्याचं आणि जळाल्याचा वास आल्याचं जाणवलं. त्याने ब्रेकर ओढला, वास गेला, आणि उतरल्यावर त्याने ते लिहूनही ठेवलं. दुरुस्ती न होताच विमान दुसऱ्या दिवशी उडालं. केबिनमध्ये धूर झाला आणि विमान घरांवर कोसळलं. आतले दोघे गेले, जमिनीवरचे तिघे गेले. उडण्यापूर्वी तो ब्रेकर परत दाबला गेला असण्याची शक्यता तपासात पुढे आली. बिघाड माहीत होता, कागदावर होता, तरी विमान सोडलं गेलं.

इंजिन प्रेशर पंपाने धुवायचं का?

नाही. मॅग्नेटो, अल्टरनेटर, स्टार्टर आणि कनेक्टर प्लॅस्टिकने झाका, हलक्या फवाऱ्याने आणि ब्रशने धुवा, मग वाळू द्या. प्रेशरचं पाणी सीलमधून आत जातं आणि बाहेर यायची वाट त्याला सापडत नाही.

ईजीटीची (एक्झॉस्टचं तापमान दाखवणाऱ्या मीटरची) वायर तुटली होती, साधी तांब्याची जोडली. आता आकडा चुकतोय.

चुकणारच. ईजीटीचा थर्मोकपल दोन वेगवेगळ्या धातूंच्या तारांवर चालतो, बहुतेक क्रोमेल आणि ॲल्युमेल. मध्ये तांबं घातलं की जोडाच्या दोन टोकांच्या तापमानाचा फरक मापनात शिरतो. त्याच धातूची एक्स्टेन्शन वायर लागते. आणि सावध, अमेरिकी रंगपद्धतीत या वायरीतली लाल तार निगेटिव्ह असते. सवयीने लाल प्लसला लावणारे खूप आहेत.

मेगर (जास्त व्होल्ट सोडून इन्सुलेशन तपासणारं मीटर) लावून सगळी वायरिंग एकदम तपासता येईल का?

प्रत्येक वायर दोन्ही टोकांनी सोडली तर. रेडिओ, रेग्युलेटर किंवा रोटॅक्सचं इग्निशन मॉड्यूल जोडलेलं असताना ५०० व्होल्ट सोडले तर वायर पास होईल आणि उपकरण जाईल. नजर आणि हात यांनी आधी बघा. मेगरची गरज फार थोड्या वेळा पडते.

किती दिवसांनी बघायचं, आणि हे मी स्वतः करू शकतो का?

मॅन्युअलमधली १०० तासांची तपासणी ठरलेलीच आहे, मॅग्नेटो उघडून बघायची वेळ साधारण ५०० तासांनी येते. पण आपल्याकडची बरीच लहान विमानं तासांपेक्षा उभी राहून जास्त म्हातारी होतात, त्यामुळे कॅलेंडर धरा. उन्हाळा संपताना एकदा, पावसाळा उलटल्यावर एकदा, आणि विमान महिनाभर उभं राहिलं असेल तर उडण्याआधी.

बघायला कोणाची परवानगी लागत नाही. पायलटने काउलिंग उघडून बघावं, वाकवून बघावं, फोटो काढावेत. प्रमाणित विमानावर वायर बदलणं, थिंबल लावणं, क्लॅम्प हलवणं याला मात्र डीजीसीएचा (भारताच्या विमान वाहतूक नियामकाचा) परवाना असलेल्या एएमईची सही लागते, आणि झालेलं काम लॉगबुकात चढावं लागतं. एएमईला फोन करताना "लाइट कधी कधी जातो" एवढंच सांगू नका. कुठल्या आरपीएमला, इंजिन गार असताना की तापल्यावर, चढताना की सरळ उडताना, शेवटचं काम कोणी आणि कुठे केलं होतं, हे सांगा. अधूनमधून येणारा दोष हँगरमध्ये दाखवायला तयार नसतो, आणि शेवटी जिथे कोणाचा हात लागला होता तिथून शोध सुरू केला की तो लवकर सापडतो.